चुलीचा इतिहास लिहिणारी विदुषी

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचीच नांवें प्रथम ओठांवर येतात. सैन्य पोटावर चालतें हें सगळेच सेनापति मान्य करतात. परंतु ज्या चुलीवर त्या सैन्याचें अन्न शिजलें ती चूल इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच पेटलेली दिसते. अन्न हा रोजचा विषय, आणि जें रोजचें तें नोंदून ठेवण्याजोगें नाहीं, अशी विद्वानांची समजूत फार दिवसांची आहे. शिवाय रोजचा स्वयंपाक बहुतेक घरांतून स्त्रियाच करीत आल्यामुळें अन्नाबरोबर त्यांचाही इतिहास अलिखित राहिला.

चीन देशासंबंधानें ही उपेक्षा विशेष नवल वाटण्यासारखी आहे. अन्नाविषयीं चिनी लोकांइतक्या आस्थेनें लिहिणारे लोक जगांत थोडेच असतील. युआन मेइ या रसिक कवीचा पाकग्रंथ १७९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बल्लवानें काय जाणावें आणि काय वर्ज्य करावें याचे नियम आधीं सांगून मग पदार्थांचें वर्णन केलेलें आहे. परंतु असले ग्रंथ रसिक पुरुषांनीं रसिक पुरुषांसाठींच लिहिलेले असत. पळी आचाऱ्याच्या हातीं आणि लेखणी धन्याच्या हातीं, अशी ती वांटणी होती. मीठ किती, विस्तव केवढा, वेळ किती, या नवशिक्या गृहिणीच्या प्रश्नांना त्यांत सहसा उत्तर मिळत नाहीं.

विद्यापीठांतून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास होऊं लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. के. सी. चांग या पुराणवस्तुसंशोधकांनीं चिनी संस्कृतींतील अन्नाविषयीं एक ग्रंथ संपादिला व तो १९७७ सालीं येल विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केला. प्राचीन काळापासून अर्वाचीन काळापर्यंत एकेका कालखंडावर एकेका अभ्यासकाचें प्रकरण, अशी त्याची रचना आहे. त्या ग्रंथानें वाट रुळविली. त्या वाटेनें पुढें गेलेल्या आजच्या अभ्यासकांत मिशेल किंग या विदुषीचें कार्य विशेष लक्ष वेधून घेणारें आहे. कारण ‘चिनी जेवण’ म्हणून जें ओळखलें जातें तें कोणीं, केव्हां आणि कोणत्या परिस्थितींत घडविलें, या प्रश्नाचा त्यांनीं नेटानें पाठपुरावा केला आहे.

किंगबाई अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील विद्यालयांत इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांचा पहिला ग्रंथ मात्र स्वयंपाकाविषयीं नाहीं. तो २०१४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें काढला, आणि एकोणिसाव्या शतकांतील चीनमधील कन्याहत्या हा त्याचा विषय आहे. नवजात मुलींचा जीव घेण्याची दुष्ट चाल चीनमध्यें होती, आणि चिनी नीतिवेत्ते तिच्याविरुद्ध पूर्वापार लिहीत आले होते. त्यांच्या दृष्टीनें तो आपल्या गांवचा आणि आपल्या नीतीचा प्रश्न होता. पुढें पाश्चात्त्य मिशनरी, प्रवासी आणि अधिकारी तेथें गेले, आणि त्यांच्या लेखांतून ही चाल म्हणजे चिनी स्वभावाचें लक्षणच आहे, असें चित्र जगापुढें उभें राहिलें. फ्रान्समध्यें १८४३ सालीं एका बिशपनें कॅथॉलिक मुलांची एक धर्मादाय संस्था काढिली; तिच्या द्वारें युरोपांतील शाळकरी मुलें चिनी बालकांच्या उद्धारासाठीं आपले खाऊचे पैसे देऊं लागलीं. वस्तुतः बालहत्येचे अपराध युरोपांतही घडत होते. परंतु त्यांना कोणी ‘युरोपीय चाल’ असें नांव दिलें नाहीं. किंगबाईंनीं अपराधाचें समर्थन मुळींच केलेलें नाहीं. त्यांचा प्रश्न निराळा आहे : एखादी गोष्ट ‘चिनी’ ठरते ती कोणाच्या हातून आणि कोणत्या हेतूनें?

हाच प्रश्न घेऊन त्या पुढें स्वयंपाकघरांत शिरल्या. कन्याहत्या आणि पाककला यांचें नातें वरवर पाहतां कांहींच दिसत नाहीं. परंतु दोन्ही गोष्टी घराच्या आंतल्या, दोन्ही स्त्रियांच्या आयुष्याशीं जखडलेल्या आणि दोन्हींवर ‘चिनी’ असा शिक्का बसलेला. एका ठिकाणीं तो शिक्का कलंकाचा होता. दुसऱ्या ठिकाणीं तो अभिमानाचा झाला.

या दुसऱ्या शिक्क्याचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ २०२४ सालीं न्यूयॉर्कच्या नॉर्टन कंपनीनें प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी नांव ‘चॉप फ्राय वॉच लर्न’ असें आहे. म्हणजे चिरा, परता, पाहा आणि शिका. किंगबाईंच्या आईच्या संग्रहीं फू पेइ-मेइ या तैवानच्या स्वयंपाकशिक्षिकेचीं पुस्तकें होतीं. बाळपणीं जेवलेल्या पदार्थांच्या कृति त्यांत होत्याच. परंतु पुढें तीं पुस्तकें चाळतांना एका संपूर्ण पिढीचा इतिहास त्यांत दडलेला आहे, हें या कन्येच्या लक्षांत आलें. कृतींच्या मागें कृति लिहिणारी बाई होती, आणि त्या बाईच्या मागें विसाव्या शतकाचा सारा उलथापालथीचा काळ उभा होता.

फू पेइ-मेइ यांचा जन्म १९३१ सालीं मांचुरियांतील डालियन बंदरांत झाला. रशियाशीं झालेल्या युद्धानंतर, १९०५ पासून, तें बंदर जपानच्या ताब्यांत होतें. त्यामुळें चिनी घरांत जन्मलेल्या या मुलीच्या कानांवर आणि जिभेवर जपानी भाषाही बसली. दुसरें महायुद्ध संपलें, चीनमध्यें यादवी पेटली, आणि १९४९ सालीं कम्युनिस्टांचा जय होऊन चँग कै-शेक यांच्या राष्ट्रीय पक्षाचें सरकार तैवान बेटांत गेलें. त्या धामधुमींत दहा लाखांहून अधिक माणसें समुद्र ओलांडून तैवानांत आलीं. फूबाई त्यांपैकींच एक. त्या वेळीं त्यांना स्वयंपाक येत नव्हता. लग्न झाल्यावर पतिराज आणि त्यांचे मित्र जेवावयास बसत आणि ताटांतल्या पदार्थांना नांवें ठेवीत. फूबाईंनीं तें मनाला लावून घेतलें. शहरांतील उपाहारगृहांच्या आचाऱ्यांना त्यांनीं घरीं बोलाविलें आणि पदरचा पैसा मोजून एकेक पदार्थ शिकून घेतला.

ही कथा केवळ एका जिद्दी बाईची म्हणून सोडून देतां येत नाहीं. जुन्या रीतीप्रमाणें मुलगी स्वयंपाक शिकावयाची ती आईच्या किंवा सासूच्या हाताखालीं. स्थलांतरानें ती सांखळी तुटली. आई समुद्रापलीकडे राहिली, आणि तिला पत्र घालून एखादी कृति विचारावी तर दोन्ही किनाऱ्यांमधील टपालही बंद पडलें. उलट तैपेइसारख्या एकाच शहरांत शांघायचा, कँटनचा, सेचुआनचा आणि पेकिंगचा, असे नाना प्रांतांचे आचारी येऊन पडले. पूर्वीं जें शेंकडों कोसांच्या प्रवासाशिवाय कळलें नसतें तें हांकेच्या अंतरावर आलें. ही जवळीक दुर्दैवानें घडविलेली होती. परंतु सर्व प्रांतांचें मिळून एक ‘चिनी पाकशास्त्र’ आहे आणि तें कोणत्याही घरांतील गृहिणीला शिकतां येतें, ही कल्पना तिच्यामुळेंच घराघरांत रुजली.

समुद्राच्या पलीकडे त्याच सुमारास काय चाललें होतें तें आठवल्यास या गोष्टीचें गांभीर्य अधिक जाणवतें. १९५८ सालीं चीनच्या साम्यवादी सरकारनें खेडोपाडीं कम्यून स्थापून सार्वजनिक भोजनालयें उघडलीं. अनेक ठिकाणीं घरच्या चुली विझल्या आणि लोखंडी कढया वितळविण्यासाठीं पोलादाच्या भट्ट्यांत गेल्या. पाठोपाठ भयंकर दुष्काळ आला आणि त्यांत कोट्यवधि माणसें अन्नावांचून मेलीं. एका किनाऱ्यावर घरचा स्वयंपाक असा मोडून पडला असतां दुसऱ्या किनाऱ्यावर कोणी एक गृहिणी तो जुळवीत बसली होती. सांस्कृतिक वारसा आपणच जतन करीत आहों, असा तैवानच्या राज्यकर्त्यांचा दावा होता. त्या दाव्यांत राजकारण पुष्कळ होतें. परंतु पुढें फूबाईंच्या हातच्या पदार्थांनीं त्याला एक चव दिली.

तैवानची दूरचित्रवाणी १९६२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली, आणि त्याच वर्षीं फूबाई तिच्या पडद्यावर आल्या. तेव्हांपासून सुमारें चार दशकें त्यांनीं हें शिक्षणाचें व्रत चालविलें. नभोवाणीवरून पाककृति सांगतां येते. परंतु आलें किती बारीक चिरावें, तेल किती तापल्यावर भाजी टाकावी, कढईतील झारा किती वेगानें फिरवावा, हें कानांना कळत नाहीं. तें डोळ्यांनींच पाहावें लागतें. आईच्या शेजारीं उभें राहून मुलगी जें पाहत असे तें आतां हजारों घरांतून एकाच वेळीं दिसूं लागलें. अमेरिकेंत फ्रेंच पाककला शिकविणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांची प्रसिद्ध मालिका १९६३ च्या फेब्रुवारींत सुरू झाली; म्हणजे फूबाईंच्या नंतर. तथापि १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रख्यात वृत्तपत्रानें फूबाईंचें वर्णन केलें तें ‘चिनी पाककलेच्या ज्युलिया चाइल्ड’ असें. ज्युलियाबाईंना ‘फ्रेंच पाककलेच्या फू पेइ-मेइ’ असें कोणी म्हटलें नाहीं. मूळ प्रत कोणाची आणि नक्कल कोणाची हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो त्याच्या सोयीनें नांवें पडतात, याचें हें लहानसें पण बोलकें उदाहरण आहे.

फूबाईंचें पहिलें मोठें पाकपुस्तक १९६९ सालीं निघालें. दुसरा भाग १९७४ सालीं आणि तिसरा १९७९ सालीं. इंग्रजींत चिनी पाकपुस्तक लिहिण्याचा हा कांहीं पहिलाच प्रयत्न नव्हता. ब्वेइ यांग चाओ या डॉक्टरबाईंनीं १९४५ सालींच अमेरिकेंत तसें पुस्तक प्रसिद्ध केलें होतें, आणि तप्त कढईंत भरभर परतण्याच्या क्रियेला ‘स्टर-फ्राय’ हा आज सर्वत्र रूढ असलेला शब्द त्याच पुस्तकानें दिला. फूबाईंच्या पुस्तकाचा विशेष हा कीं त्यांत चिनी आणि इंग्रजी मजकूर जोडीनें छापलेला होता. मायदेश सोडून दूर गेलेली चिनी मुलगी आणि चिनी जेवणाची हौस असलेली परकी बाई, या दोघींनाही तें वाचतां येई. साहित्याचीं मापें दिलेलीं होतीं, क्रमवार कृति होती आणि रंगीत चित्रें होतीं. चीनच्या पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चार दिशा कल्पून पहिल्या भागांतील पदार्थ त्यांत वांटलेले होते. विद्यार्थिदशेंत किंवा संसार मांडण्यासाठीं तैवानहून अमेरिकेस गेलेल्या अनेक स्त्रियांच्या सामानांत हें पुस्तक असे. किंगबाईंच्या ग्रंथांत अशा कुटुंबांतील माणसांच्या तोंडच्या आठवणींना सरकारी दप्तरांइतकाच मान मिळाला आहे.

त्या चार दिशांकडे मात्र इतिहासकाराला थोडें थांबून पाहावें लागतें. ज्या बेटांत पुस्तक छापलें गेलें त्या तैवानला त्यांत स्वतंत्र दिशा नव्हती. जो प्रदेश हातचा गेला होता त्याचेंच तें चित्र होतें. त्या काळीं तैवानांत लष्करी कायद्याचा अंमल होता. तो १९४९ पासून १९८७ पर्यंत चालला. आपलेंच सरकार सर्व चीनचें खरें सरकार होय, ही राज्यकर्त्यांची भूमिका होती. जगानें ती हळूहळू अमान्य केली. १९७१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांतील चीनची जागा पेकिंगच्या सरकारला मिळाली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन मेजवानीस बसले. आणि १९७९ च्या आरंभीं अमेरिकेनें तैवानशीं असलेले राजनैतिक संबंध सोडले. एकेक वकिलात अशी बंद पडत असतां फूबाईंचें पुस्तक मात्र देशोदेशींच्या स्वयंपाकघरांत जात होतें. जपानांत तर त्यांनीं जपानी भाषेंतूनच दूरचित्रवाणीवर पाठ दिले. ज्या भाषेची सक्ति पारतंत्र्यांत झाली तीच अशी कामास आली. वकिलांना जें साधलें नाहीं तें आचाऱ्यांना थोडेंबहुत साधलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी असें विचारील कीं, चूल आणि मूल सांभाळण्याचाच धडा देणाऱ्या बाईंचें एवढें कौतुक कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि किंगबाईंनीं तो टाळलेला नाहीं. फूबाई गृहिणींना उत्तम गृहिणी होण्यास शिकवीत. परंतु त्या स्वतः घराबाहेर पडून अर्थार्जन करीत, परदेशीं जात आणि पुस्तकें प्रसिद्ध करीत. त्यांच्या प्रेक्षकवर्गांतही पालट होत होता. तैवानांत कारखाने वाढले, कचेऱ्या वाढल्या, मुली नोकरी करूं लागल्या. १९६० सालापासून तातुंग कंपनीचा विजेवर भात शिजविणारा कुकर तेथील घरांत आला आणि भाताच्या भांड्यापाशीं बसून राहण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें कारखान्यांत तयार होणाऱ्या झटपट शेवयांच्या बाबतींत स्वतः फूबाईंनींच सल्ला दिला. दिवसभर खपून केलेल्या पक्वान्नाची गुरु आणि तीन मिनिटांच्या शेवयांची सल्लागार एकच! यांत विसंगति शोधण्यापेक्षां काळाचें चिन्ह ओळखणें अधिक योग्य. ज्या स्त्रीला वेळ होता तिला त्यांनीं वेळेचा उपयोग शिकविला. जिला वेळ उरला नाहीं तिच्यासाठीं वेळ वांचविला.

या सर्व विवेचनांतून किंगबाई ज्या निष्कर्षास येतात तो असा : चिनी जेवण हा पूर्वजांचा ठेवा आहे हें खरें, परंतु आज जगाला परिचित असलेलें त्याचें रूप विसाव्या शतकानें घडविलें आहे. निर्वासितांचें दुःख, स्त्रियांची नोकरी, विजेचीं उपकरणें, दूरचित्रवाणी आणि राजकारणांतील जयपराजय या सर्वांचे हात त्या कढईला लागलेले आहेत. तैवानच्या प्रसिद्ध गोमांसयुक्त शेवयांचेंच पाहावें. त्यांना पुष्कळदां सेचुआनी म्हणतात. परंतु तो पदार्थ सेचुआनांतून तयार होऊन आलेला नसून १९४९ नंतर तैवानांत आलेल्या निर्वासितांनीं व सैनिकांनीं तेथेंच सिद्ध केला, असें सामान्यतः मानलें जातें. मुंबईकराला तर याहूनही जवळचें उदाहरण आहे. ‘मंच्युरियन’ हा पदार्थ १९७५ च्या सुमारास मुंबईंतच, कलकत्त्याच्या चिनी कुटुंबांतून आलेल्या नेल्सन वांग या आचाऱ्यानें प्रथम केला, असें सांगतात. मांचुरियांत जन्मलेल्या फूबाईंना आपल्या जन्मभूमीच्या नांवाचा हा पदार्थ ओळखूंही आला नसता. तरी मुंबईंत तो चिनीच ठरला, आणि खाणाऱ्यांपैकीं कोणाची त्याविषयीं तक्रार नाहीं.

तैवानांतही ‘चिनी’ या शब्दाचा अर्थ पुढें पालटत गेला. लष्करी कायदा उठल्यावर तेथील मूळच्या रहिवाशांची अस्मिता उघडपणें बोलूं लागली. २००० सालच्या मे महिन्यांत चेन श्वेइ-बिएन अध्यक्षपदावर आले. त्यांच्या पदग्रहणाच्या मेजवानींत त्यांच्या तैनान भागाचे साधे, रस्त्यावर मिळणारे पदार्थ मुद्दाम वाढले गेले. माशांच्या गोळ्यांचें सार आणि वाटींत उकडलेलें तांदुळाचें पक्वान्न यांना सरकारी पंक्तींत पाट मिळाला. ज्या नकाशांत तैवानला दिशा नव्हती तो नकाशा आतां मागें पडला. फूबाई २००४ सालीं निवर्तल्या. नव्या पिढीला त्यांच्या चार दिशा कांहींशा परक्या वाटूं लागल्या असल्या तरी त्यांच्या आयुष्यावर २०१७ सालीं तैवानांत एक चित्रमालिका निघाली, आणि तिच्यामुळें त्यांचें नांव पुन्हां तरुणांच्या कानांवर गेलें.

किंगबाईंचें कार्य एका चरित्रापुरतें मर्यादित नाहीं. आशियांतील निरनिराळीं राष्ट्रें आपापल्या पाककलेचा अभिमान कसा घडवितात, या विषयावरील लेखांचा त्यांनीं संपादिलेला संग्रह २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. अर्वाचीन चीनच्या आहारपद्धतीवर जिया-चेन फू आणि जेकब क्लाइन या दोन अभ्यासकांच्या सहकार्यानें संपादिलेला ग्रंथ २०२५ सालीं निघाला. एकाच अभ्यासकाच्या हातून कन्याहत्येसारख्या करुण विषयापासून पाकपुस्तकासारख्या प्रसन्न विषयापर्यंत मजल मारली जावी, हें विद्यापीठांतील रूढ रीतीला धरून नाहीं. परंतु सूत्र एकच आहे. राष्ट्राचें नांव लावलेली कोणतीही गोष्ट, मग ती निंदेची असो वा अभिमानाची, माणसांनीं घडविलेली असते. म्हणून ती कोणीं घडविली हें विचारण्याचा हक्क इतिहासाला आहे.

या अभ्यासाचीं साधनें पाहिलीं तर तीं राजवाड्यांत सांपडणारीं नाहींत. तेलाचे डाग पडलेलीं पाकपुस्तकें, समासांत पेन्सिलीनें लिहिलेले ‘मीठ कमी’ असे शेरे, जुन्या मासिकांतील कात्रणें आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी, हेंच अशा इतिहासाचें दप्तर. तें दप्तर कोणत्याही देशांत घरोघरीं असतें, आणि घर बदलतांना प्रथम रद्दींत जातें तेंही हेंच. आजीच्या हातची एखादी वही कोणाच्या कपाटांत असेल तर तिच्यावर तिचें नांव, गांव आणि साल एवढें जरी लिहून ठेवलें, तरी पुढच्या इतिहासकाराचें अर्धें काम होईल. लढायांची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. कोणत्या सालीं घरांत कुकर आला, कोणता पदार्थ शेजारणीकडून शिकून घेतला आणि कोणता गांव सोडल्यावर पुन्हां कधींच झाला नाहीं, याची नोंद त्या घराशिवाय दुसरें कोणीच ठेवणार नाहीं.